गव्हाची आवणी

लाडकी ढवळू झुगरे हिच्याबद्दल चांगलं बोलणारं माणूस सूर्यमाळच्या पाड्यांवर शोधायला निघालात, तर चपला झिजतील. मी बोलते चांगलं, पण माझं धरू नका. मी तिच्या बांधावर चार हिवाळे काढले आहेत, आणि तेवढ्यात माणसाला कशाचीही सवय होते, तोंडाळ बाईचीसुद्धा.

बाई बुटकी, रुंद, चालताना पुढे झुकलेली, जसा काही समोर कायम चढच आहे. सूर्यमाळला तो असतोच म्हणा. शाळेशी तिचा संबंध आला तो पोषण आहाराच्या खिचडीत मीठ नाही म्हणून मास्तरांशी भांडायला गेली तेवढाच. पण पावसाळ्यात भाता-नागलीची आवणी लागली, म्हणजे रोपं उपटून चिखलात लावायचं काम सुरू झालं, की सगळ्या पाड्याची ती मालकीण. बायकांच्या रांगेत लाडकी कडेला. ती ज्या वेगाने मागे सरकेल त्या वेगाने सगळ्यांनी सरकायचं. कोणी रेंगाळली की तिच्या माहेरापासून उद्धार. तिची जाऊ फागी हिला नेमका आवणीच्या आठवड्यात ताप भरायचा आणि शेवटचं खाचर लावून झालं की उतरायचा. लाडकी म्हणायची, "आमच्या फागीच्या तापाला कॅलेंडर वाचता येतं."

आवणीत तिला एक गोष्ट खपत नसे. नांगा. ओळीत रोप मेलं की जी मोकळी जागा पडते, तो नांगा. "तोंडातला दात पडल्यावानी दिसतं," म्हणायची, आणि जिथे दाटी असेल तिथली दोन रोपं उपटून तिथे खोचून मोकळी व्हायची. स्वतःच्या शेतात तर खोचायचीच, पण वाटेने जाताना दुसऱ्याच्या शेतात नांगा दिसला तरी चिखलात उतरायची आणि वर त्या घरधन्याला शिव्या घालायची.

ही झाली पावसाळ्यातली लाडकी. दिवाळी झाली की पाड्यावर ट्रक यायचा आणि सगळी तरणी माणसं भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जायची. लाडकी आणि ढवळूही. भट्टीवर नवरा-बायको मिळून एक जोडी धरतात आणि हाक मारतात ती नवऱ्याच्या नावाने. "तिथं मी लाडकी नाय, बाई," ती मला म्हणाली होती. "तिथं मी अर्धी जोडी." जी बाई ग्रामसेवकाला तोंडावर 'झोपाळू' म्हणायची, ती तिकडे पावसापर्यंत मान खाली घालून माती मळायची. बोललं की मुकादम ढवळूला झापायचा, आणि ढवळू हा इतका गरीब माणूस की झापलं की खरंच वाईट वाटून घ्यायचा. बाकीच्या बाया भट्टीच्या धुराला कंटाळायच्या, ओझ्याला कंटाळायच्या. लाडकी गप्प बसायला कंटाळायची.

आम्ही तिथे पोचलो अठ्ठ्याण्णवच्या पावसाळ्याच्या शेवटाला. वावरला कुपोषणाने मुलं दगावली त्यानंतर सरकारला जव्हार-मोखाड्याचा रस्ता सापडला होता. तेव्हापासून जीपवर जीप. एकीत वजनकाटा, दुसरीत फोटोवाला, तिसरीत नुसतेच बघायला आलेले. आमच्या जीपमध्ये गव्हाचं बियाणं होतं. ते बघून पाड्यावरच्या म्हाताऱ्यांनी विचारलं, खायचा का? मी म्हटलं, नाही. तेव्हा त्यांनी आमच्याकडे पाठ केली, आणि मला त्यात काही चूक दिसली नाही.

गोष्ट अशी की मी घाटावरच्या एका गहू संशोधन केंद्रात वनस्पतीरोग विभागात सहायक होते. गव्हाला तांबेरा होतो. ती बुरशी. पानावर विटेच्या रंगाची पूड धरते, बोट फिरवलं की बोट रंगतं. पान वाळतं, दाणा बारीक पडतो, आणि वाऱ्यावर बसून ती पूड पुढच्या गावाला जाते. कोणतं वाण तिच्यापुढे टिकतं हे कळायचं असेल तर सगळ्या वाणांना मुद्दाम रोग लावून बघावा लागतो. आता हे गव्हाच्या मुलखात करायला गेलात, तर शेजारचा शेतकरी काठी घेऊन येईल आणि योग्यच करेल. म्हणून आमच्या साहेबांना, डॉक्टर देवस्थळींना, सूर्यमाळ सापडलं. उंची आहे, थंडी आहे, पहाटे दव पडतं, आणि कोसभर गव्हाचं पान नाही. सगळं भात आणि नागली. आमचा तांबेरा इथे कितीही माजला तरी कोणाच्या पोटावर येणार नव्हता.

पाणी मात्र लागतं. ते होतं एका छोट्या बंधाऱ्याखाली, आणि बंधाऱ्याखालचं शेत होतं लाडकीचं.

मी तिला समजावलं. तुझं शेत घेतो, तुला आणि ढवळूला हिवाळाभर इथेच काम. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"म्हणजे औंदा ट्रकात नाय बसायचं?"

"नाही."

"नि पुढच्या साली?"

"यंदा चाचणी नीट झाली तर पुढची काही वर्षं इथेच करतील. बिघडली तर दुसरीकडे नेतील."

"बिघडत कशी ती बघते," लाडकी म्हणाली. ट्रक आला नि गेला, आणि ही बांधावर उभी राहून जाणाऱ्यांना सूचना देत होती.

पेरणी झाली. एकेका वाणाची एकेक ओळ, ओळीच्या तोंडाशी नंबराची खुंटी. मधेमधे आणि भोवताली एक जुनं वाण, ज्याला तांबेरा नुसत्या नजरेने होतो. त्याचं काम एवढंच, की आधी आपण आजारी पडायचं आणि मग बाकीच्यांना रोग द्यायचा. हे ऐकल्यावर लाडकीने त्याचं तिथल्या तिथे बारसं केलं.

"मंग ह्यो फागी गहू."

फागी तेव्हा भट्टीवर न जाता घरीच होती, अर्थात आजारी. तिने हे ऐकलं आणि दोन दिवस लाडकीशी बोलली नाही. लाडकीला ते समजलंसुद्धा नाही.

मी नियम सांगितले. जास्तीचं खत घालायचं नाही, औषध मारायचं नाही, शेळी येऊ द्यायची नाही. तिने तिन्ही पाळले. मग मी केंद्रावर गेले, कारण तांबेऱ्याची पूड तिथे नळ्यांत जपून ठेवलेली असते आणि ती मिळायला तीन सह्या लागतात. सह्या करणाऱ्यांपैकी एक रजेवर होता. परत यायला महिन्याची अखेर झाली. निघताना शेत विरळ होतं, मुंग्यांनी आणि पाखरांनी बी खाल्लं होतं. आले तर ओळी भरगच्च. मागून उगवलं असेल म्हटलं. देवस्थळी साहेब बूट खराब होतील म्हणून जीपमधूनच बघायचे. तिथूनच ते ओरडले, "उगवण उत्तम!" लाडकी बांधावर ताठ उभी राहिली.

पूड पाण्यात कालवून संध्याकाळी पंपाने फवारली आणि वर प्लास्टिक घातलं, म्हणजे पानं रात्रभर ओली राहतात. लाडकी कमरेवर हात ठेवून बघत होती.

"घाला, घाला. आमची पोरं आजारी पडली तवा कोणी आला नाय. आता गहू आजारी पाडाया डाक्टर आलाय."

साहेबांनी जीपची काच वर केली.

दोनेक आठवड्यांत तांबेरा फुलला. फागीच्या ओळी नखशिखांत केशरी. ते ठीकच होतं, तेवढ्यासाठीच तिला पेरली होती. पण नंबराच्या ओळी बघितल्या आणि मी चष्मा पुसला. एकही ओळ सुटली नव्हती. देशभर कुठे डाग न पडलेली वाणं होती त्यांत, त्यांच्याही ओळीत काही झाडं केशरी आणि त्यांच्या शेजारची स्वच्छ हिरवी.

"भेसळ दिसते, साहेब," मी म्हटलं.

"भेसळ? बियाणं मी स्वतः पाकिटात भरलंय."

साहेब त्या दिवशी बुटांसकट शेतात उतरले, यावरूनच मला पुढचं कळायला हवं होतं. ते वाकून एकेक ओळ बघत गेले आणि दर ओळीला त्यांचा आवाज चढत गेला. सगळी वाणं मोडली! म्हणजे तांबेऱ्याची नवी जात! आजपर्यंत कोणालाही न दिसलेली! त्यांना समोर गहू दिसत नव्हता, परिषदेचं व्यासपीठ दिसत होतं.

"मग बाकीची झाडं हिरवी कशी?"

"सुरुवात आहे. चार दिवसांत तीही जातील. आणि ही पूड वाऱ्यावर घाट चढली तर नाशिकचा गहू संपला. नमुने घेऊ, आणि सगळं जाळून टाकू. इथे पुढची पाच वर्षं गहू पेरायचा नाही."

आता हे म्हणणं सरळ चुकीचं नव्हतं, हीच अडचण. नवी जात खरोखरच असती तर जाळणं हाच शहाणपणा होता.

लाडकी गवताचा भारा डोक्यावर घेऊन मागे उभी होती. तिने भारा खाली टाकला.

"जाळायचं कशापायी? नवीन काय नाय त्यात, सायेब. ती फागी हाय."

"काय म्हणतेय ही?"

"नांगे पडले होते. भरले. फागी दाट उगवली होती, तिचीच रोपं काढली नि खोचली. मी नि म्हाताऱ्या दोघी. रोज पाणी शिंपलं."

साहेब हसले. "अगं बाई, गहू पेरतात. गव्हाची आवणी जगात कोणी करत नाही."

"मी केली."

"कशासाठी?"

"शेत वंगाळ दिसत होतं."

"मला सांगितलं का नाहीस?" हे मी.

"नांगे भरले ती काय सांगायची गोष्ट हाय, बाई? उद्या भाकरी भाजली तं सांगू का?"

साहेबांचा विश्वास बसेना. बसवून घ्यायचा नव्हताच. बाई काम जाईल म्हणून खोटं बोलतेय, म्हणाले. बरं, तू लावलीस ना, मग दाखव कुठली लावलीस. लाडकी मोठ्या ऐटीत ओळीत शिरली. ही, ही, आणि ही. तिसरं झाड ठणठणीत निघालं.

"ही? हिच्यावर तर एक डाग नाही!"

लाडकीने वाकून बघितलं. "ही बरी झाली आसंल."

झालं. साहेबांनी हात झटकले. मी सांगून बघितलं, की फागीला कुसळं नसतात, तिची ओंबी गुळगुळीत, आणि बाकी सगळी वाणं कुसळांची. ओंबी बाहेर पडू द्या, म्हणजे कोण कोण आहे ते आपोआप दिसेल. आठ-दहा दिवसांचा प्रश्न आहे. साहेब म्हणाले आठ दिवसांत वारा थांबतो का. उपटा आणि पुरा. मी म्हटलं उपटताना झाड हलतं, सगळी पूड उडेल. मग जागेवर जाळा, आत्ता.

इथे लाडकीने डोकं चालवलं. ओरडली नाही, रडली नाही. एकदम मवाळ झाली, आणि ते बघून मलाच धडकी भरली.

"सायेब सांगतो तं जाळू. पण हिरवं जळत नाय. आमी राब भाजतो, तवा पाला महिनाभर वाळवतो." रोपं टाकायची जमीन आधी पालापाचोळा पसरून भाजतात, तो राब. "ओळीओळीत सुका पाला घालाया लागंल. वरून रॉकेल."

"मग घाला! माणसं लावा!"

"माणसं कुठली? समदा पाडा भट्टीवर. मी हाय. ह्यो हाय." ढवळू कसनुसा हसला. "नि जाऊ हाय, पण तिला ताप."

फांद्या तोडायच्या तर वनखात्याला विचारायला हवं, हे मी जोडलं. साहेबांनी घड्याळ बघितलं, नमुने डब्यात घातले, पाला पडला की जाळा, मी स्वतः येतो, म्हणाले आणि गेले. फोन करायला खोडाळ्याला उतरावं लागायचं; साहेब तिथूनच चार ठिकाणी बातमी देऊन गेले, हे मला नंतर कळलं.

त्यानंतरचे दिवस मी विसरणार नाही. अख्ख्या पाड्याला पळवणारी बाई सकाळी टोपली घेऊन निघायची ती दुपारी मूठभर पाला घेऊन परत. रस्त्यात बसायची. पाय दुखायचा, मग दुसरा दुखायचा. टोपली उपडी करताना निम्मा पाला वाऱ्यावर सोडायची. ढवळूने एकदा चुकून मोठा भारा आणला, तर त्याला सगळ्या डोंगराला ऐकू जाईल असं बोलली. फागी दारात बसून बघायची. म्हणाली, "आता कळलं? आजारी पडाया पण अक्कल लागते."

आणि रोज पहाटे लाडकी गव्हात. कडेच्या फागीच्या ओळी निसवल्या, बाहेर पडलेल्या ओंब्या गुळगुळीत. नंबराच्या काही ओळी निसवल्या, लांब कुसळांच्या. पण त्यांच्यामधली ती केशरी झाडं ढिम्म. उपटून लावलेलं रोप मागे पडतं, त्याला ही काय करणार? ती खाली वाकून एकेकीला दम द्यायची. "निघ गं. निघ की. तुझ्या डोळ्यादेखत जाळतील नि तू बस पदर घेऊन."

"शिव्यांनी ओंबी येत नाही, लाडके."

"तुमच्या कालिजात नसंल येत."

साहेब आठवड्याच्या आतच उगवले. बरोबर पुण्याचे एक वरिष्ठ, नवी जात बघायला आणलेले, आणि रॉकेलचा डबा. पाला जेमतेम घोट्यापर्यंत होता. साहेब म्हणाले पुरे. डबा ढवळूच्या हातात दिला. ढवळूने लाडकीकडे बघितलं. ती मान खाली घालून उभी राहिली, हात लोंबत, आणि भट्टीवर ती कशी दिसत असेल ते मला त्या क्षणी दिसलं.

माझ्याने राहवेना. मी सरळ ओळीत शिरले, एका केशरी झाडाचं फुगलेलं पोटरीचं पान धरलं आणि नखाने उभं चिरलं. आतली ओंबी कोवळी, पांढुरकी, आणि गुळगुळीत. कुसळाचा पत्ता नाही. शेजारचं अजून न निसवलेलं हिरवं झाड चिरलं तर आत लांब कुसळं दुमडून बसलेली. वरिष्ठ पुढे आले. त्यांनी खिशातून चाकू काढला आणि दुसऱ्या ओळीतलं केशरी झाड कापलं. गुळगुळीत. तिसऱ्या ओळीतलं. गुळगुळीत. एव्हाना लाडकीचा जीव भांड्यात पडला होता आणि जीभ जागेवर आली होती.

"ती पण फागी! ती बी! सायेब, ती पलीकडची फाडा!"

"फागी कोण?" वरिष्ठांनी विचारलं.

"माझी जाऊ."

वरिष्ठांनी सगळी हकीकत तिच्या तोंडून ऐकली, म्हणजे ऐकावीच लागली. मग चाकू मिटत म्हणाले, "देवस्थळी, परिषदेत सांगू या का, की तुमची नवी जात म्हणजे या बाईंची जाऊ?"

साहेब बुटांचा चिखल पुसायला लागले. पुढे त्या परिषदेत ते दुसऱ्याच विषयावर बोलले, असं ऐकलं.

फागीची झाडं वगळून आम्ही फक्त कुसळांच्या झाडांची नोंद घेतली. रोग प्रत्येक ओळीच्या अगदी पोटात बसलेला होता, तरी पाच-सहा वाणं डाग पडू न देता उभी राहिली. इतकी कडक परीक्षा आम्ही ठरवूनही घेतली नसती. वरिष्ठांनी जागा कायम केली. साहेबांनी एक अट घातली, की त्या बाईने रोपाला हात लावायचा नाही. ते मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "नाय लावणार. पण बघवणार बी नाय, तं मी तिकडं बघणार नाय." अशा प्रकारे आमच्या चाचणीची राखण पुढे अशी बाई करत होती, जी पेरणीनंतर महिनाभर शेताकडे पाठ करून बसे.

पुढच्या दिवाळीनंतर मी बियाणं घेऊन पोचले त्याच सकाळी ट्रक आला. मुकादम खाली उतरला आणि नेहमीसारखी हाक मारली, "ढवळू! चल, गाडी भरली." ढवळू घराच्या मागे गेला. पुढे आली लाडकी.

"नाय येत आमी."

"अरे, क्यों? चल, नखरे नको. जोडी लिहिलीय."

मग लाडकी बोलली. एवढ्या वर्षांत भट्टीवर जे जे गिळलं होतं ते तिने एकेक काढलं, आधी तिच्या बोलीत, मग मराठीत, आणि मुकादमाला नीट कळावं म्हणून शेवटी हिंदीत. पाण्याच्या पिंपावरून सुरू केलं ते मुकादमाच्या मिशीपर्यंत आणलं. ट्रकात बसलेल्या बाया आधी पदराआड हसत होत्या, मग उघड हसायला लागल्या. तिच्या आवणीच्या रांगेतली रामी वरून ओरडली, "अगं, ते बाळंतिणीचं राहिलं!" लाडकीने तेही घेतलं. मुकादम दोनदा काहीतरी बोलायला गेला आणि दोनदा तिथेच राहिला. ड्रायव्हरने डिझेल वाया जातंय म्हणून इंजिन बंद केलं आणि बिडी पेटवली.

संपवलं तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. मुकादम पुढे चढून बसला. ट्रक वळणावर गेला तरी बायकांचं हसणं ऐकू येत होतं. लाडकीने ओटीवरचा तांब्या उचलला, सगळं पाणी एका दमात प्यायली आणि माझ्याकडे वळली.

"तुमी कशाला उभ्या, बाई? पेरणी कोण, तुमचा सायेब करणार?"